दोराचा तिसरा फेरा

दुपारी जेवून मी पडवीत सतरंजीवर पाठ टेकते, तेव्हा झोपायचा माझा अजिबात विचार नसतो. पोटावर नव्या दोराचं टोक आहे, हातात दोराचे पदर फाकवायचा शिसवी लाकडाचा टोच्या आहे आणि पाच वाजता केतकी येणार आहे. पाचच्या आत मला हे जमायलाच हवं. डोळे मिटतात ते फक्त उन्हामुळे, असं मी स्वतःला सांगते.

केतकी पुण्याची. झाडांवर चढून फांद्या उतरवायचं काम करते, आमचे हे करायचे तेच. हे म्हणजे हणमंत चिकणे. वाईपासून पाचगणीपर्यंत कुणाच्या कौलावर फांदी झुकली की यांनाच बोलावणं यायचं. सत्तावीस वर्षं हे वर चढले आणि खालचा दोर मी धरला. कापलेली फांदी कौलाला धक्का न लावता हळूहळू खाली सोडायची, हे काम माझं. एवढ्या वर्षांत हे एकदाही पडले नाहीत. गेले ते साध्या तापानं, मार्गशीर्षात, अंथरुणावर. कामं मी सोडलेली नाहीत, दोन गडी ठेवलेत.

चढायच्या दोराच्या टोकाला हे कधी गाठ मारत नसत. गाठीनं दोर कमजोर होतो, म्हणायचे. टोकाचे तीन पदर उलगडायचे, टोक वळवून फास करायचा आणि ते पदर दोराच्याच अंगात परत विणून टाकायचे. त्याला हे डोळा म्हणत. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मामाकडून शिकले होते. मी एकदा म्हटलं, मलाही दाखवा, तर म्हणाले, "तुला काय करायचं हाय?" आणि दोन वर्षांपूर्वी ही केतकी वही घेऊन आली, तर तिला याच पडवीत पंधरा दिवस शिकवलं. तिची बोटं धरून शिकवलं. मी आपली पोहे देतेय, चहा देतेय आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर पिकलेलं घरच्या माणसाला चाखायलाही मिळालं नाही. जळत होते मी, खोटं कशाला बोलू? आजही जळतेय.

आणि काल तिचा फोन. "काकू, नव्या दोराला डोळा करायचाय ना? मी येते उद्या. काकांनी मला शिकवलं, अगदी तसंच मी तुम्हाला शिकवते." मुलगी गोडच बोलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याची विद्या मी हिच्यासमोर मांडी घालून शिकायची? त्यापेक्षा पाचला ती यावी आणि तिला तयार डोळा दिसावा. सकाळपासून तीनदा विणला. तीनदा पाय देऊन ओढला आणि तीनदा सुटला.

"येणी घातलीस व्हय दोराची?"

हे समोर बसलेत. पडवीच्या पायरीवर, कामाची खाकी पँट घालून, गुडघ्यावर हात टेकून. मला नवल वाटत नाही. उलट रागच येतो, की इतके दिवस होतात कुठं.

"मग काय करू? तीन पदर दिसलं की बाईच्या हातानं येणीच पडती," मी म्हणते.

"तसं नसतं गं. एकावरनं जायाचं, एकाखालनं जायाचं. पिळाच्या उलट्या अंगानं."

"हे आत्ता सांगताय? त्या पोरीला पंधरा दिस सांगत होता."

हे हसतात आणि उठून चालू लागतात. मी मागोमाग. पडवीची पायरी उतरते ती थेट पिठाच्या गिरणीत. गिरणी चालू आहे, पण तिचा आवाज येत नाही. पट्ट्याच्या जागी आमचा पांढरा दोर फिरतोय, आणि डब्यांच्या रांगेत बायका उभ्या आहेत, सगळ्या पाठमोऱ्या. हे माझा नंबर लावतात. गिरणीवाला माझ्या डब्यात दळण ओततो तर डब्यात लाकडाचा भुसा पडतो, ताजा, ओला. मी तो चाळून बघते. चांगला बारीक आहे.

"मला का नाही शिकवलंत?" मी डबा काखेत धरून विचारते. "सरळ सांगा. ती शिकलेली, मी अडाणी, म्हणून?"

"न्हाई."

"तरुण हाय म्हणून?"

"काय बोलतीस, हौसा."

"मग सांगा की!"

आता आम्ही वर आहोत. पाचगणीच्या शाळेमागच्या सिल्व्हर ओकवर, खूप उंच, जिथं मी आयुष्यात कधी गेले नाही. माझं बूड टेकलंय ते आमच्याच ओट्याच्या कडप्प्यावर. ओटा दोन फांद्यांच्या बेचक्यात नीट बसलाय. शेजारी मांडणी आहे, ताटं वाऱ्यानं हलतायत. खाली बघितलं तर बुंध्याशी एक बाई दोर धरून उभी आहे, मान वर करून, तोंड उघडं टाकून. ती मीच आहे. इतकी लहान दिसते की मला तिची दया येते.

"आमच्या कामात एक रीत हाय," हे म्हणतात. "डोळा ज्यानं विणला, त्यानंच त्याला पयलं लटकायचं. दुसऱ्याला चढवायचं न्हाई. मामानं मला तसंच सांगितल्यालं. तुला शिकवलं असतं तर तू विणला असतास. विणला असतास तर लटकली असतीस. मग तू वर आनि मी खाली, असं मला बघवलं नसतं."

वारा येतो. एक वाटी मांडणीवरून निसटते आणि खाली पडतच राहते.

"म्हंजे मी पडू नये," मी म्हणते.

"व्हय."

"आनि ती पडली तर चालंल?"

हे कान खाजवतात. जिवंत असतानाही अडचणीत सापडले की कानच खाजवायचे. मला हसू येतं आणि त्या हसण्याबरोबर रडूही येतं, आणि तरीही आतली आग काही विझत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी माझी गत.

"ती चढनारच हुती," हे शेवटी म्हणतात. "कुनाच्या तरी दोरावर. मग निदान चांगला दोर कसा करायचा ते तरी कळू दे."

"ते काय मला ठाऊक न्हाई. मला आत्ता शिकवा. पाचला ती येतीय."

हे माझ्या मागे येऊन बसतात. पाठीला त्यांची छाती लागते, खडबडीत शर्ट, घामाचा आणि सालीचा वास. माझ्या दोन्ही हातांवर त्यांचे हात येतात. केतकीचीही बोटं अशीच धरली होती का, असं माझ्या मनात येतंच. तेवढ्यात टोच्या दोराच्या पिळात घुसतो, फट पडते, पहिला पदर आत जातो.

"ओढू नगंस अजून," हे कानाशी म्हणतात. "आधी त्याला बोटांत वळ. जरासाच. तू वात वळतीस तसं."

"वात?"

"देवापुढची. तळव्यावर कापूस घेऊन तू पुढं सरकवायचीस बघ, अन् शेवटाला अंगठ्यानं जरा दाबून सोडायचीस. तसं केलं की पदर सपाट बसतो, फुगत न्हाई. मामाचं फुगायचं. माझंबी फुगायचं आधी. मग लग्न झाल्यावर एकदा तुला वाती वळताना बघितलं, अन् तसं करून बघितलं."

मी मान वळवायचा प्रयत्न करते. वळत नाही.

"हे माझ्याकडनं घेतलंय?"

"मग काय मामाकडनं?"

"कधी बोलला न्हाईत."

"बोलायचं काय त्यात. तुला येतच हुतं की."

पदर माझ्या बोटांत वळतो. कापसासारखाच वळतो. अंगठ्यानं दाबून सोडते, ओढते. सपाट बसतो. दुसरा पदर, तिसरा पदर. एक फेरा. पुन्हा पहिला. एकावरून, एकाखालून. माझे हात चालतात आणि त्यांचे फक्त वर ठेवलेले राहतात, हळूहळू हलके होत. दुसरा फेरा पुरा होतो.

"आता?" मी विचारते. "किती फेरे घालायचे? शेवट कसा बांधायचा?"

त्यांचे हात आता माझ्या हातांवर नाहीत.

"अहो."

आम्ही एसटी स्टँडवर आहोत. फलाटावर कुणी नाही. हे बाकावर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघतायत, उलटसुलट करून, खिसा चाचपावा तसे.

"पुढचं माझ्यापाशी ऱ्हायलं न्हाई, हौसा," हे ओशाळून म्हणतात. "इथं काय बी संगं आनता येत न्हाई. हुतं ते तिच्यापाशी ठेवलंय. तिला इचार."

"मी न्हाई इचारणार!"

"मग दोनच फेऱ्यांवर कुनाला चढवशील?"

मी त्यांना एक चापट मारायला हात उगारते. गाडी लागलेली आहे, हे पायरीवर चढलेत, आणि कंडक्टर बाईच्या आवाजात ओरडतोय, काकू, काकू.

"काकू! झोपलात का?"

डोळे उघडतात. ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलंय. फाटकाशी केतकी उभी आहे, पाठीवर पिशवी, केस घामानं चिकटलेले. मी धडपडत उठून बसते. पोटावरचा दोर मांडीत घसरतो.

मी त्याच्याकडे बघते. टोकाला फास आहे. फासाच्या बुडाशी तीनही पदर दोराच्या अंगात गेलेत, एकावरून, एकाखालून. दोन फेरे. पुढे तीन टोकं मोकळी लोंबतायत. मी घाईघाईनं ते उसवायला जाते. तिला अर्धवट काम दिसायला नको. पायाच्या अंगठ्यात फास अडकवून जोर लावून ओढते. काही सुटत नाही. उलट आणखी घट्ट बसतं.

केतकी पायरीशी आली आहे. ती पिशवी उतरवते आणि न विचारता दोर हातात घेते. मी घेऊ देते. ती त्यावरून अंगठा फिरवते, एकदा, मग परत एकदा. मग दोर उजेडाकडे धरते.

"हे कोणी केलं?"

"मी."

"पदर सपाट बसलेत," ती म्हणते. तिचा आवाज जरा बदललाय. "काकांचे असे बसायचे. माझे अजून फुगतात. किती वेळा विचारलं मी त्यांना, कसं करता. म्हणायचे, ते हाताला कळतं, सांगता येत नाही. आणि तुम्हाला सांगितलं?"

ती माझ्याकडे बघते. तोंडावर हसू आहे, पण डोळ्यांत जे आहे ते मी बरोबर ओळखते. स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांची बशी हातात धरून मी पंधरा दिवस तेच डोळ्यांत घेऊन उभी होते. मला वाटलं होतं, असं काही कधी दिसलं तर मला फार गोड लागेल. गोड लागतं, नाही असं नाही. घोटभर लागतं, आणि मग पोर दमून आलीय हे दिसतं.

मी सरकून सतरंजीवर तिला जागा करते. टोच्या तिच्या हातात देते.

"सांगते," मी म्हणते. "पण आधी तू मला तिसरा फेरा दाखव."