पाचवी खुर्ची

माझा धाकटा भाऊ बारक्या खुर्च्यांच्या गाद्या भरतो. त्याने भरलेल्या गादीवर हत्ती बसवा, उठला की गादी जशीच्या तशी. मीच शिकवलंय, उगाच नाही! कारखान्यात एक नियम आहे, तोही मीच घालून दिलेला. दुरुस्त झालेल्या खुर्चीत गिऱ्हाइकाच्या आधी कोणी टेकायचं नाही.

कारखान्यात मुकादमाची जागा रिकामी झाली. मालक बायकोला घेऊन बारक्याकडे जेवायला येणार होते. माणसाची पारख ते जेवणाच्या टेबलावर करतात. जागा मिळणार की नाही ते तिथेच ठरणार. बारक्याने मलाही बोलावलं. वजनदार माणूस घरात असलेला बरा.

घरात खुर्च्या चार, माणसं पाच. बारक्याने कारखान्यातली एक उचलून आणली. मालकांच्या आईची. गादी नवी झाली आणि म्हातारी गेली. खुर्ची तशीच कोपऱ्यात पडून होती.

मालकांनी ती ओळखली. त्यांचा चेहरा उतरला.

वाढून झालं. घरची बाई बसल्याशिवाय पाहुणे घास कसा घेणार? बारक्याची बायको, आमची धाकटी, मात्र पाचव्या खुर्चीपुढे ताट वाढून भिंतीला टेकून उभी.

"अगं, बस की," बारक्या दात आवळून म्हणाला.

"कुठे बसू?"

"ही काय रिकामी!"

"अहो, हळू बोला. आजी बसल्यात ना."

मालकीणबाईंच्या हातातला चमचा ताटात पडला. बारक्याचे कान लाल. "हिची झोप झाली नाही, मालक. काहीतरी बरळते."

"मला दिसतंय ते सांगतेय," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चारचौघांत मला वेडी का ठरवता?"

मालकांनी हळूच विचारलं, "काय करतायत?"

"डाव्या हाताने गादी चाचपतायत. म्हणतात, कापसात कंजूषपणा केलाय."

मालक हसले. "प्रत्येक गादीला हेच म्हणायची. डावखुरी होती." धाकटीने म्हातारीला कधी पाहिलंही नव्हतं.

तेव्हा बारक्याने गादीकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याच्या हातची खच्चून भरलेली गादी मधोमध खोल दबलेली होती.

तो उठला. स्वतःची खुर्ची बायकोकडे सरकवली. "तू बस. चुकलो मी." मग पाचव्या ताटाजवळचा पेला भरला. काठोकाठ, पण थेंब सांडला नाही. आमचं रक्तच तसं. "घ्या, आजी."

मग सगळे जेवले.

निघताना मालकांनी कारखान्याच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. "बायकोची लाज वाटली, तरी शेवटी तिच्या बाजूने उभा राहिलास. उद्यापासून मुकादम तू. आणि खुर्ची इथेच राहू दे. आईला घर आवडलेलं दिसतंय."

खुर्ची अजून तिथेच आहे. गादी वर आलेली नाही. मी गेलो की धाकटी म्हणते, "दादा, बसा ना."

मी उभाच राहतो. पाय घोड्यासारखे आहेत माझे, बसायची गरजच पडत नाही.