मांडीवरच्या फळ्या

मेढ्याहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीची, आष्ट्याकडच्या कुठल्याशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. साडीखाली चिखलाने माखलेले बूट. मांडीवर पट्ट्याने आवळलेल्या दोन लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेली रोपं.

"आवं बाई, ते वर ठेवा की," कंडक्टर म्हणाला.

"न्हाई ठेवत. मांडीवरच ऱ्हाणार."

"एवढं काय हाय त्यात?"

"नवं झाड हाय. त्याला अजून कुणी नाव दिल्यालं न्हाई."

कंडक्टर हसला. "मग तुमचंच द्या की!"

"शोधणाऱ्यानं सवताचं नाव द्यायची रीत न्हाई. आमचे मोठे सर म्हणत्यात, माझं द्या. सर गाडीतनं उतरलं न्हाईत, डोंगर मी चढले." गाडीला धक्का बसला की ती फळ्यांवर पालथा हात दाबून धरी. "मी हे जिथं घावलं त्या वाडीचं नाव देणार. तिथला डोंगर हाटेलवाले घ्याय लागल्यात. उद्या वाडी उठली, तरी ह्या झाडाचं नाव घेताना जगाला वाडीचं नाव घ्यावंच लागंल."

"आणि सरांनी अडवलं तर?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते सर.

"अडवून बघू द्या."

कंडक्टर तिकिटं फाडत पुढे गेला. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एकाने पिशवी त्या फळ्यांवर टेकवली, तसा कंडक्टर दारातून ओरडला, "ए गड्या, उचल ती पिशवी! गाव हाय त्यात."