‘बरं हाय’ला बंदी

आमच्या मोठ्या सरांना ‘बरं हाय’ या दोन शब्दांचा भयंकर राग. बीडच्या आमच्या कॅन्सर विभागात त्या शब्दांना बंदीच होती म्हणा ना. आणि आमच्या जिल्ह्यात तर माणूस कण्हतानाही ‘बरं हाय’ म्हणतो, त्यामुळे सरांचा घसा दुपारपर्यंत बसलेला असायचा. मी त्यांची ज्युनियर. ती खडाजंगी ऐकायला मिळावी म्हणून ओपीडीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हजर.

धारूरकडची, मेंढरं राखणारी एक आजी गालाची गाठ पदराखाली घेऊन आली होती. सरांनी विचारलं, “कसं हाय, आजी?”

“बरं हाय की.”

“मग इतक्या लांब काहून आलात? मला बघायला?”

आजी हसली आणि हसताना पदर सरकला. “लई ठणकतंय बघा. घास गिळंना.”

“हां, आता कसं. गाठ झाकली म्हणून ती थांबत न्हाई, आजी.” हे वाक्य ते आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवत. सर मूळचे पाटोद्याचे. मीटिंगमध्ये शुद्ध बोलणारा हा माणूस पेशंटसमोर बसला की थेट गावात जाऊन पोचायचा.

एखाद्याचा रिपोर्ट चांगला आला की मग काय विचारता! सर स्वतः गेटवरच्या सलीमभाईंच्या गाड्यावर जाऊन टोपलीभर सीताफळं आणत आणि अख्ख्या वॉर्डाला वाटत. सलीमभाई लांबूनच ओळखायचे. “साब, आज कोई बरा हुआ दिखता.” गेलेल्या पेशंटबद्दल मात्र सर अवाक्षर काढत नसत. त्याच्या बायकापोरांना धीर देऊन ते मुकाट्याने पुढचा केसपेपर उघडत.

एका वर्षी सीताफळांचा हंगाम सरत आला तरी वॉर्डात टोपली आली नाही. सलीमभाईंनी मला हटकलं, “साब कहाँ है? आजकल हँसते भी नहीं.” मी तशीच आत गेले. सर एकटेच बसले होते.

“कसं हाय, सर?”

“बरं हाय.”

मी दार लावलं आणि समोर बसले. “सर, खरं सांगा.”

त्यांनी समोरचा केसपेपर मिटला. “सकाळी उठावंसंच वाटत न्हाई गं. गेलेली सगळी माणसं डोळ्यापुढं येतात.”

मी घाबरले होते, तरी विचारलंच. “जीव द्यावा असं मनात येतं का?”

“येतं,” ते म्हणाले. मग घाईघाईने, “कुणाला सांगू नको. लोकं म्हणतील, डॉक्टरच खचला.”

“गाठ झाकली म्हणून ती थांबत नाही, सर.”

आपलंच वाक्य ऐकून ते हसले, आणि मग हमसून रडले. मी तिथून हलले नाही. सरांच्या घरून वहिनींना बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी त्यांना त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

उपचार घेऊन, भरपूर रजा काढून सर परत आले. आल्या दिवशीच आम्हा सगळ्यांना चहाला बसवलं. “मी मनासाठी गोळ्या घेतो. आता झोप लागती. तुमच्यापैकी कुणाच्या मनात तसलं काही आलं तर माझं दार उघडं हाय,” असं सगळ्यांदेखत बोलले. तेव्हापासून वॉर्डातला पेशंट गेला की आम्ही एकत्र बसतो, त्याच्याबद्दल बोलतो, रडूही येतं. आमच्यातल्या दोघांनी पुढे ते दार ठोठावलं. दोघंही आज कामावर आहेत. मला त्या माणसाचा किती अभिमान वाटतो, काय सांगू.

निवृत्त होऊन सर पाटोद्याला गेले तेव्हा विभाग सुना झाला. आज सकाळी मी फोन केला. “कसं हाय, सर?”

“काय सांगू? गुडघा धरलाय. तुझ्या वहिनींनी चहातली साखर बंद केली. शेजाऱ्याचं कुत्रं झोपू देत न्हाई. काल ती धारूरची आजी आठवली, आपल्या हातून गेलेली, जरा रडलो. अन् ऐक, तुझ्या त्या नव्या पोरांना सांग...”

सर तक्रारी करत सुटले आणि मी फोन कानाला घट्ट लावून हसत बसले. इतक्या बोलण्यात ‘बरं हाय’ एकदाही आलं नाही. फोन ठेवला आणि तडक सलीमभाईंचा गाडा गाठला.

टोपली भरता भरता त्यांनी विचारलं, “आज कौन बरा हुआ?”

म्हटलं, “मोठे सर.”