दोन टॅब, दोन यजमान

संजनाचा स्वभावच तसा. काही बिघडलं की आधी माणसावर संशय, मशीनचा नंबर नंतर.

पंचवटीतल्या शामसुंदर गुरुजींसाठी विधींच्या नोंदणीची वेबसाइट तिच्या कंपनीने जावा या संगणकाच्या भाषेत केली होती. नोंदणीचा भाग संजनाचा. सकाळीच ऑफिसात गुरुजींचा फोन आला; तो तिने स्पीकरवर टाकला.

"अहो ताई, देवळ्याच्या सोमनाथरावांचं श्राद्ध, आणि कागदावर नाव सावळीरामांचं! सायखेड्याचे सावळीराम चांगले जिवंत आहेत, वास्तुशांत आहे त्यांची. मी नाव उच्चारणार, तेवढ्यात सोमनाथरावांच्या मुलानं माझा हात धरला. पुन्हा असं झालं तर तुमचं ते सगळं बंद."

संजनाने मनातच रामाला हात जोडले आणि शेजारच्या टेबलावरच्या श्रेयसकडे वळली. "माझ्या कोडला हात कुणी लावला?"

"मी फक्त बटणाचा रंग बदलला, बाई. रंगानं माणूस मरतो का?"

तिला काही ते पटलं नाही. लॅपटॉप घेऊन ती थेट गुरुजींकडे गेली. नोंदणी त्यांची सून मृण्मयी करायची. ही फोनवर बोलत काहीतरीच टाइप करत असणार, म्हणून संजना तिच्या मागेच बसली.

दोन घरची माणसं एकदमच आली. मृण्मयीने दोन टॅब उघडले. हरसूलच्या कुसाबाईंना सासऱ्यांचं नाव आठवेपर्यंत ती दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्यांचं भरू लागली.

"रोज असंच करता?"

"मग एकाला ताटकळत ठेवू?" मृण्मयीने गुरुजींकडे मान वळवली. "घाटावर बाबाही दोघांना शेजारी बसवतात. पळी-पंचपात्र मात्र ज्याचं त्याला."

संजनाचा चेहरा उतरला. भरलेली माहिती धरून ठेवणारं नोंदणीचं बीन तिने सेशन स्कोपमध्ये ठेवलं होतं. म्हणजे मृण्मयीचं लॉगिन आहे तोवर सगळ्या टॅबना मिळून एकच पंचपात्र! दुसऱ्या टॅबमधलं नाव पहिल्याच्या नावावर बसत होतं.

तिथेच बसून तिने ते कॉन्व्हर्सेशन स्कोपमध्ये हलवलं. आता प्रत्येक नोंदणीचं वेगळं संभाषण, आणि ज्याची माहिती त्याच्याच टॅबपुरती. नोंदणी जतन झाली की ते संपवायची ओळ तिने दोनदा तपासली. आवाहन केलं तर विसर्जनही हवंच.

श्रेयसचा फोन आला. "सुटलो का मी?"

"सुटलास. चूक माझी होती."

मृण्मयीने दोन्ही नोंदी पुन्हा भरल्या आणि दोन्ही टॅबमधून कागद निघाले. नावं बरोबर होती. तरी गुरुजींनी ते हातात घेऊन आधी कुसाबाईंनाच विचारलं, "सासऱ्यांचं नाव काय म्हणालात?"

संजनाला राग आला नाही. तिनेही तेच केलं असतं.