न टोचलेलं इंजेक्शन

औषधशास्त्र मी मार खाऊन शिकले. आमच्या ट्यूटरबाई निजामाच्या अमदानीत हैदराबादला शिकलेल्या. पोलीस अॅक्शननंतर त्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात आल्या आणि तिथंच राहिल्या. मी नर्सिंगला गेले तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते, पण मनगटातला जोर कमी झाला नव्हता. त्या लाकडी पट्टी आडवी मारत नसत. उभी धरून तिच्या धारेनं बोटांच्या पेरांवर मारत.

मी खुलताबादच्या बाजूच्या खेड्यातून आलेली. शिक्षण सगळं मराठीत. औषधांची नावं मी वहीत देवनागरीत लिहून पाठ करायची. एका दुपारी बाईंनी ती वही माझ्या हातातून ओढली, दोन पानं चाळली आणि वर्गासमोर टराटरा फाडली.

"औषधाच्या काचेच्या अँप्यूलवर देवनागरीत लिहून येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

"शेतीचं विष पोटात किंवा अंगात गेलेल्या माणसाला काय देतात?"

मला फक्त 'अ' आठवला. मी म्हणाले, "अॅड्रिनॅलिन."

पट्टी तीनदा बसली. मधल्या बोटाचं कातडं फाटलं आणि रक्त बाकावर सांडलं. बाई म्हणाल्या, "अॅट्रोपिन. नाव शेवटपर्यंत वाचायचं. एकदा बाटली उचलताना, एकदा भरताना, एकदा ठेवताना. आणि दुसऱ्यानं भरलेली सिरिंज कुणाला टोचायची नाही. डॉक्टरनं भरलेली असली तरी."

घरी वडीलही मारायचे, त्यामुळं माराची सवय होती. पण त्या दिवशी मला बाईंचा एवढा राग आला, की हाताला चिंधी गुंडाळून मी वसतिगृहात बसले आणि अॅट्रोपिनचं पान इंग्रजीतूनच पाठ केलं. त्यांनी पुन्हा विचारलं तर तोंडावर फेकता यावं म्हणून.

ते पान कामी आलं दोन महिन्यांनी. कपाशीवर फवारणीचे दिवस होते. मेडिकल वॉर्डात सकाळची ड्यूटी होती. कन्नडकडून एका माणसाला जीपमधून आणलं. उघड्या अंगानं फवारा मारता मारता तो शेतातच कोसळला होता. तोंडातून फेस, अंग घामानं निथळत, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. छातीत घरघर अशी, की दारापर्यंत ऐकू येत होती. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी.

डॉक्टरांनी अॅट्रोपिन सुरू केलं आणि कागदावर लिहिलं: दर पंधरा मिनिटांनी, छाती कोरडी होईपर्यंत, म्हणजे घरघर थांबेपर्यंत. मग ते दुसऱ्या वॉर्डात गेले. स्टाफ सिस्टर इंजेक्शनं देत राहिल्या, मी नाडी मोजत राहिले. तासाभरात फेस थांबला, घाम थांबला, घरघर गेली. भावानं हात जोडले. "बाई, त्या सुईनं लई गुण आला."

आणखी दोन इंजेक्शनं गेली आणि तो माणूस उठून बसला. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता. हवेतलं काहीतरी तो चिमटीनं धरून उपटत होता आणि कुणाला तरी शिव्या देत होता. मी नाडी बघायला वाकले तर त्यानं पोटात लाथ घातली. मी शेजारच्या खाटेवर आदळले. दोघा शिपायांनी त्याला दाबून धरलं आणि हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधले. तो दातांनी पट्टी तोडायला लागला. ओठ फाटला, दात रक्तानं माखले.

तेवढ्यात पलीकडं एका बाईला झटका आला. स्टाफ सिस्टर तिकडं पळाल्या. जाताना ट्रे माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "भरून ठेवलंय, त्याला दे."

ट्रेमध्ये दोन सिरिंजा होत्या. दोन्ही सारख्या, दोन्हींत पाण्यासारखं औषध. एकीत अॅट्रोपिन आणि दुसरीत शेजारच्या म्हाताऱ्याचं हृदयाचं औषध, एवढं मला ठाऊक होतं. कुठली कशाची, ते ठाऊक नव्हतं. रिकाम्या अँप्यूल बादलीत गेल्या होत्या.

मी त्या माणसाचे डोळे पाहिले. बाहुल्या एवढ्या पसरल्या होत्या, की बुबुळाची नुसती कड उरली होती. जीभ खरखरीत कोरडी, कातडी तापलेली. नाडी एवढी वेगात, की मोजताना आकडा चुकत होता. माझं पाठ केलेलं पान समोर उभं राहिलं. मी ट्रे उचलून मागं घेतला.

भाऊ पुढं आला. "टोच की. बघतीस काय?"

"आता द्यायचं नाही. डॉक्टरांना बोलावते."

"मघाशी गुण आला तो ह्याच सुईनं ना? मरू द्यायचाय व्हय त्याला?"

"जास्त झालंय. म्हणूनच तो असा करतोय."

त्यानं माझी वेणी धरली आणि माझं डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं. पहिल्यांदा नुसता आवाज आला. दुसऱ्यांदा भुवई फुटली आणि डाव्या डोळ्यात गरम रक्त उतरलं. तो ट्रेकडं हात घालायला लागला. स्वतःच टोचणार होता. मी दोन्ही सिरिंजा उचलून फरशीवर आपटल्या. काचा उडाल्या. तो अनवाणी होता. पाय काचेवर पडला तरी त्यानं वेणी सोडली नाही. शिपायांनी त्याला मागून ओढून खाली पाडलं आणि लाथा घातल्या, तोंडावर, बरगड्यांत. मला तोंड होतं, मी "थांबा" म्हणू शकत होते. म्हणाले नाही. बघत उभी राहिले आणि मला बरं वाटलं.

माझ्या भुवईला टाके घालताना ट्यूटरबाई आल्या. मागोमाग स्टाफ सिस्टर. "लिहिलेली ऑर्डर असताना हिनं दिलं नाही. वर सिरिंजा फोडल्या."

बाईंनी त्यांना विचारलं, "अॅट्रोपिन कोणत्या बाजूला होतं?"

"डावीकडं," स्टाफ सिस्टर म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही... उजवीकडं असेल. मी ट्रे फिरवला होता."

बाई माझ्याकडं वळल्या. "आणि तुला कशावरून वाटलं की पुरे झालं?"

सुई कातडीत असताना मी सांगत गेले. तोंड कोरडं, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, अंग गरम, नाडी वेगात, डोकं भ्रमिष्ट. मला फाडलेल्या वहीचा सूड घ्यायचा होता, पण आवाज रडका निघत होता.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "लघवी?"

"तुंबते."

"मग बघितलंस का त्याचं पोट?"

नव्हतं बघितलं. तोवर वॉर्डात डॉक्टर आले होते, त्यांनी अॅट्रोपिन थांबवलं आणि पोट चाचपलं. मूत्राशय नारळासारखं टणक झालं होतं. नळी घातल्यावर लिटरभर लघवी निघाली आणि त्याची अर्धी धडपड तिथंच शमली. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात मला उभं करून दुसरंच औषध विचारलं. उत्तर चुकलं. टाके ओले होते तरी हात पुढं करायला लावला.

पुढचे काही दिवस छाती पुन्हा भरतेय का, हे पाहण्यासाठी त्याला वॉर्डातच ठेवलं. भावाच्या तळपायाला मीच मलमपट्टी करत होते, आणि आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो. घरी सोडण्याच्या सकाळी त्या माणसानं मला विचारलं, "सिस्टर, कपाळाला काय झालं?" त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं.

मी काही बोलायच्या आधी भाऊ म्हणाला, "म्या मारलं."

"कामून?"

"सुई देईना म्हणून."

थोरल्यानं खाटेखालची चप्पल उचलली आणि भावाच्या थोबाडीत मारली. सगळा वॉर्ड बघत होता. भाऊ हात खाली सोडून उभा राहिला. दुसरी बसली, तिसरी बसली. आजारी माणसाला चौथीसाठी हात उचलवेना, तरी तो उचलत होता. मी मध्ये जाऊन त्याचं मनगट धरलं.

"पुरे," मी म्हणाले. "बसा. मला तुम्हा दोघांना फवाऱ्याचं सांगायचंय."

तो धापा टाकत बसला. मी सांगितलं, अंगभर कपडे घालायचे, वाऱ्याकडं तोंड करून मारायचं नाही, मारून झाल्यावर आधी साबणानं अंघोळ, मग भाकरी, मग बिडी. थोरला खिडकीबाहेर बघत होता. भावाच्या गालावर चपलेचे वळ उमटले होते. त्यानं विचारलं, "तोंडाला कसला फडका बांधायचा? पातळ चालंल का जाड पायजे?"

"जाड," मी म्हणाले. "आणि रोज धुतलेला."

त्यानं मान हलवली आणि भावाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.