बाबांच्या सायकलचा दिवा

ग्रुपवर मी फारसं लिहीत नाही, पण आज स्वतःचाच वैताग आला आहे.

बाबा गेले, आता त्यांची सायकल मी चालवायची असं ठरवलं. सकाळी डायनामोचा दिवा खोलला, गंज घासला, आतला कचरा काढून फेकला आणि सगळं जोडलं. दिवा लागेना! पुन्हा खोलला, पुन्हा जोडला. तरी नाहीच.

आई दारात आली. "बल्बमागचा चांदीचा कागद कुठं हाय?"

"तो कचरा होता. घंटागाडीत टाकला."

"काहून टाकला गा? त्याच्यानंच तर लाइट लागे. तुझ्या बाबानं घडी करून बसवला होता."

चॉकलेटचा कागद बसवला, दिवा लागला. पण बाबांच्या हातची घडी गेली.

गेलेल्या माणसाचं सामान आवरताना कचरा कोणता, हे तुम्ही कसं ओळखता?