अनाया, अनन्या आणि सुमनताई

कुणी एखादं नाव सुचवलं की माझी थोरली बहीण सुमनताई आधी गॅलरीत जायची. ग्रिलला तोंड लावून खाली खेळणाऱ्या पोरांच्या दिशेने ते नाव खणखणीत ओरडायची आणि किती माना वर होतात ते बघायची. जन्मभर बालवाडीत शिकवलेली बाई, आवाज पार केबिन रोडपर्यंत जात असावा. 'आरव'ला चार माना वर झाल्या, तेव्हा ती आत येऊन म्हणाली, "हे नाव नव्हे, हा घोळका आहे."

ताईला जाऊन आता वर्ष होईल. तिने लग्न केलं नाही. रत्नागिरीहून भाईंदरला आली ती मला सांभाळायला, आणि मग माझी बायको गेल्यावर मला एकट्याला संसार जमणार नाही असं ठरवून राहिली. माझ्या मुलाचं, निनादचं नाव तिनेच ठेवलं. निनादला बहीण नाही, म्हणून त्याच्या मुलीच्या बारशालाही आत्याचा मान तिच्याकडेच आला. "स्वयंपाक काय, कुणीही करील," ती म्हणायची. "या घरात नाव मात्र मी ठेवते."

पण निनाद आणि केतकी, माझी सून, यांनी 'अनाया' आधीच ठरवून टाकलं होतं. ताई गॅलरीत गेली. तीन माना.

"असू देत ना तीन, आत्या," केतकी म्हणाली. "मला आवडलंय."

"माझ्या वर्गात दोन ओम होते. एक शेंबडा ओम, एक चावरा ओम. त्यांच्या आयांना विचार, आवडलं का ते."

ताईच्या मनात 'ज्ञानदा' होतं. खाली एकही मान हलली नाही. पण शेजारच्या हंसाबेनची गाडी 'ग्यानदा'च्या पुढे सरकेना. ताईने त्यांना आमच्या सोफ्यावर बसवून रोज शिकवणी घेतली. "बेन, इस उमर में मेरी जीभ नहीं मुड़ेगी," त्या शेवटी म्हणाल्या, आणि जाता जाता मलाच दम दिला, "लेकिन नाम तो फोई, मतलब आत्या, ही रखेगी. हमारे में भी ऐसा ही है. आप बीच में मत पड़ो."

मी बीचमध्येच होतो. केतकी म्हणे, "बाबा, तुम्ही आत्यांना सांगा." ताई म्हणे, "बंड्या, तुझ्या सुनेला सांग." आजोबा झालेल्या माणसाला बंड्या म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार? मी दोघींना हो म्हणून टाकलं.

त्यामुळे बाराव्या दिवशी पाळण्यापाशी दोघीही माझ्याकडेच रोखून बघत होत्या. ताई वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून तयार. केतकीने शाल घट्ट ओढली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ताईने ते पाहिलं. "रडू नकोस गं, दूध आटेल," ती म्हणाली, आणि बाळाच्या कानात 'अनाया' सांगून मोकळी झाली. कुर्रर्र झालं, धपाटे पडले. पाठ चोळत ताई आत गेली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय. तिसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, "अनन्या बेबी कैसी है?" ताई तिथेच थांबली. "अनन्या नहीं. अनाया. हमने रखा है." मग दूधवाला झाला, हंसाबेन झाल्या. फोनवर अभिनंदन करणाऱ्या माझ्या साहेबांनाही तिने सोडलं नाही.

पुढे लस द्यायला दवाखान्यात गेलो. तुडुंब गर्दी, बाळ भुकेने किंचाळतंय. कंपाउंडर दारातून ओरडला, "अनन्या." मी उठलो, केतकीही उठली. ताईने माझ्या शर्टाचं टोक धरलं.

"बस. आपल्याला बोलावलेलं नाही."

"अगं ताई, आपल्यालाच. नंबर जाईल."

"जाऊ दे. आज तू उठलास, तर तिला जन्मभर उठावं लागेल."

कंपाउंडरने पुढचं नाव पुकारलं. मी आशेने सुनेकडे पाहिलं. तिने रडतं बाळ खांद्यावर घेतलं, ताईच्या शेजारी परत जाऊन बसली आणि अंग चोरून माझ्यासाठीही जागा केली.

"बाबा, बसा ना," ती म्हणाली. "आत्या बरोबर बोलतायत."

दुपट्यांची पिशवी पोटाशी धरून मी दवाखान्याच्या मधोमध उभा होतो.